दहानं भागा म्हणे

सुकेशनी खिल्लारे परभणीतल्या एका खासगी प्रयोगशाळेत एकोणीस वर्षांपासून काँक्रीटचे ठोकळे फोडते. बांधकामावरून सहा इंची ठोकळे येतात, अठ्ठावीस दिवस पाण्यात मुरलेले. ते मशीनमध्ये ठेवायचे, दाब वाढवत न्यायचा आणि ठोकळा फुटला तेव्हा काटा कुठं होता ते लिहायचं. वडील गवंडी होते, त्यामुळं सिमेंटच्या धुळीचा तिला कधी कंटाळा आला नाही. तिचं डोकं उठायचं ते पुढच्या हिशेबानं.

मशीन जुनं, काटा टनात. ठेकेदारांना उत्तर हवं चौरस सेंटिमीटरला किती किलो. सरकारी कागदावर लागतं चौरस मिलिमीटरला किती न्यूटन. गंगाखेडहून आलेला एक जण तर म्हणाला, "मॅडम, क्विंटलमधी सांगा ना." घरी यावं तर नववीतली मनिषा वही घेऊन उभी. "मम्मी, पुस्तकात वजन न्यूटनमधी हाय. मग भाजीवाला किलोत कसं काय देतो?"

"त्यालाच जाऊन इचार," सुकेशनी खेकसली. मग भाकरी थापता थापता तिनंच समजावून सांगितलं. किलो म्हणजे माल किती, न्यूटन म्हणजे तो किती जोरानं खाली दाबतो. एक किलो साखर तळहातावर ठेवली, तर पावणेदहा न्यूटनच्या थोडं वर जोर लागतो. मनिषानं 'दहा' लिहिलं आणि वही मिटली.

हाच दहाचा आकडा फेब्रुवारीत प्रयोगशाळेत येऊन बसला.

मानवतकडच्या एका गावात पाण्याची उंच टाकी बांधायला घेतली होती. खांब उभे राहिले होते. त्यांच्या काँक्रीटचे तीन ठोकळे आले. सरासरी निघाली छप्पन्न टन सातशे किलो, म्हणजे चौरस सेंटिमीटरला दोनशे बावन्न किलो. न्यूटनमध्ये निदान पंचवीस हवे होते. सुकेशनीनं दोनदा हिशेब केला. दोन्ही वेळा चोवीस पूर्णांक सात.

ठेकेदार भगवानराव समोरच बसले होते. "दोनशे बावन्नला दहानं भागा की बाई. पंचवीस पूर्णांक दोन. पास."

"दहानं न्हाई भागत. किलोचे न्यूटन पुरते दहा होत न्हाईत, म्हणून दहा पूर्णांक दोननं भागतेत."

"समदे दहानंच भागायलेत!"

त्यांच्यासोबत टाकीच्या कामावर देखरेख करणारा जीवन नावाचा नवा सरकारी अभियंता होता, नोकरीला सहा महिने झालेला. त्यानं मोबाईल काढला, आकडे दाबले आणि अवघडून म्हणाला, "मॅडम, ढोबळमानानं दहा चालतं तसं."

"ढोबळमानानं टाकी उभी करा मग," ती म्हणाली. "ढोबळमानानं पाणी भरा." तिचा आवाज चढला होता, ते तिलाही कळलं. पण एकोणीस वर्षं ती हेच सांगत आली होती. तिनं अहवालात टनाचा आकडा लिहिला, शेजारी न्यूटनचा लिहिला आणि सही केली.

भगवानराव कागद न घेताच गेले. प्रयोगशाळेच्या मालकांचा फोन आला. "एवढ्याशा फरकासाठी गिऱ्हाईक कशाला तोडता?" तिनं फोन ठेवला आणि दुसरे ठोकळे फोडायला घेतले. त्या दिवशी जेवणाचा डबा तसाच परत गेला.

चौथ्या दिवशी त्या गावच्या सरपंच पार्वतीबाई एसटीनं आल्या. साठीच्या, पायात धुळीच्या चपला. अहवाल अडलाय एवढंच त्यांच्या कानावर गेलं होतं.

"पोरी, माझी टाकी कामून अडवली?"

सुकेशनीनं कपाळाला हात लावला. पुन्हा पहिल्यापासून. टन, किलो, न्यूटन, दहा, दहा पूर्णांक दोन. पार्वतीबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, "टाकीत पाणी किती मावतं?"

"पन्नास हजार लिटर. पन्नास टन."

"मंग ह्यांनी दहानं भागलं, तर ते पाणी हलकं होतं का?"

"न्हाई, मावशी."

"झालं तर. मला त्या कागदाची नक्कल दे."

नक्कल घेऊन त्या थेट जीवनच्या कचेरीत गेल्या आणि तो उठेपर्यंत त्याच्या टेबलासमोरून हलल्या नाहीत. शेवटी त्यानं खांबांतून कांडीसारखे गोल तुकडे कापून काढले आणि तपासायला पाठवले. चार खांब ठीक निघाले. दोन कमी पडले. त्या दोन खांबांना बाहेरून नवी सळई बांधून काँक्रीटचं जाड वेष्टण घालावं लागलं. खर्च भगवानरावांनीच केला. त्यानंतर ते आपले ठोकळे सेलूच्या कुणाकडे तरी द्यायला लागले.

जीवन मात्र एप्रिलमध्ये एकटाच आला. खुर्ची ओढून बसला, वही काढली आणि म्हणाला, "मॅडम, एकदा नीट सांगता का? कॉलेजात आम्ही नुसतं पाठ केलं होतं."

मशीनवर ठोकळा चढवलेला होता, बाहेर आणखी चौदा पडले होते आणि फोन वाजत होता.

"बसा," सुकेशनी वैतागून म्हणाली. "पण मधे 'ढोबळमानानं' म्हणायचं न्हाई."