कोकुशुबिराची खोली

कोकुशुबिराला एकोणिसाव्या वर्षी बुकोबा शहराजवळच्या मठातून पत्र आलं, नन व्हायला ये म्हणून. घरात कुणीही नाही म्हटलं नाही. नाही म्हणणाऱ्याशी भांडता तरी येतं!

आई म्हणाली, "जा गं बाई, कॉफीची तोडणी तेवढी होऊ दे. देव काय पळून जातोय?"

तोडणी झाली, मग धाकटीचं लग्न निघालं, मग आईचे गुडघे गेले. शेवटी भावाने, मुतालेम्वाने, केळीच्या बागेत तिला एक खोली बांधून दिली आणि भिंतीवर क्रूस लावला. "हाच तुझा मठ. इथे प्रार्थना कर, जेवायला घरी ये."

भिंतींवर चुन्याचा हात मी फिरवला, शेजारधर्म म्हणून. गावभर आमचं कौतुक झालं. तिने खोली पाहिली आणि "छान आहे" म्हणाली. पुढच्या हंगामापासून तिथे कॉफीची पोती येऊन पडली. ती पोत्यांच्या मधे गुडघे टेकायची.

त्याला तीस वर्षं झाली. परवा मुतालेम्वाच्या मुलीला त्याच मठाचं पत्र आलं. पोरगी धावत त्या खोलीत गेली. मुतालेम्वा आणि मी दारात उभे होतो.

"आत्या, बाबा काहीच बोलत नाहीत. तू सांग, जाऊ ना?"

कोकुशुबिरा कॉफी निवडत होती. तिने मान वर केली नाही. "जा की. तोडणी तेवढी होऊ दे."

मुतालेम्वाचा चेहरा उजळला. माझ्या कानाशी लागून म्हणाला, "शेजारी अजून एक खोली बसेल रे. चुना आहे ना तुझ्याकडे?"

आणि मी, नालायक, आहे म्हणालो.