दस्तगीर मिस्त्रींचा रोजा

दस्तगीर मिस्त्री वर्षाचे बारा महिने रोजा धरत. म्हणजे, तसं ते सांगत. जुनी जीप विकायला काढलेला मालक मोठ्या हौसेने चहा मागवायचा आणि मिस्त्री गाडीखालून बाहेर येऊन, हात पुसत, अगदी गंभीर तोंडाने म्हणायचे, "माझं ऱ्हाऊ द्या. आज रोजा हाय." की आपण ओळखायचं, ही गाडी घ्यायची नाही. एका मालकाने एकदा विचारलं, "चाचा, ईद होऊन दोन महिनं झालं की वो!" तर म्हणाले, "मागचं बुडल्यालं फेडाय लागत्यात, पावणं." माणसाच्या दारात उभं राहून त्याच्या गाडीला नासकी म्हणणं त्यांच्या जिवावर यायचं. मात्र त्यांनी चहाचा एक घोट जरी घेतला, तरी गिऱ्हाइकाने डोळे मिटून सौदा करावा.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. नवी मोठी गाडी हवी तर नाव नोंदवून वाट बघत बसायचं, म्हणून बागायतदार, गुऱ्हाळवाले, ठेकेदार असे सगळे जुन्या लांब जिपांच्या मागे असत. मिलिटरीच्या लिलावातली, जंगलखात्यातून निघालेली, कुठल्या तरी संस्थानिकाची म्हणून खपवलेली, अशा नाना गाड्या कोल्हापुरात फिरत. आणि घेणारा शहाणा असेल, तर आधी उद्यमनगरात मिस्त्रींच्या गॅरेजात जाई.

मी चंदगडला नुकताच दवाखाना टाकला होता. पहिल्याच पावसाळ्यात एक बाळंतीण गडहिंग्लजच्या वाटेवर बैलगाडीतच दगावली, माझ्या डोळ्यांदेखत. त्या दिवशी ठरवलं, पेशंट सरळ आडवा झोपवता येईल अशी मोठी गाडी घ्यायची. साठवलेलं सगळं त्या एका गाडीत जाणार होतं. चूक झाली तर दुसरी गाडी नाही.

मिस्त्रींना हे सांगितलं. त्यांनी भावाबद्दल चकार शब्द काढला नाही. म्हणाले, "मग झोपून बघाय लागंल." आणि खरंच, प्रत्येक गाडीत हा सहा फुटी माणूस मागे लांबलचक आडवा व्हायचा. "मी पेशंट. चालवा, डॉक्टर. खड्ड्यातनं चालवा." दोन गाड्यांत त्यांचे पाय बाहेर आले. एकीत डोकं आपटलं, तेव्हा त्यांनी जी शिवी दिली ती इथे लिहिता येत नाही.

त्यांच्या खिशात रुमालात गुंडाळलेलं नालाच्या आकाराचं एक चुंबक असे. ते गाडीच्या पत्र्यावरून सावकाश फिरवत न्यायचे. पत्रा सडलेला असेल आणि वर पुट्टी भरून रंग मारलेला असेल, तर तिथे चुंबक धरत नसे. मिस्त्री हळूच म्हणत, "हितं दुखनं हाय." मालकाला घाम फुटे. आणि मला म्हणत, "भाव सस्ता दिसला की मालकाला कसली घाई हाय ते इचारा. रंग नवा दिसला की काय झाकलंय ते इचारा."

असे पाच रोजे झाले. दर रविवारी चंदगडहून एसटीने यायचं, हाडं खिळखिळी करून घ्यायची आणि हात हलवत परत जायचं. त्या पाचांत शाहूपुरीतल्या एका दलालाची निळी गाडी मला फार आवडली होती. आत गादी, खिडक्यांना पडदे. तिच्यापाशीही मिस्त्रींना रोजा आठवला. मी मनातून चिडलो होतो.

सहाव्या रविवारी ते मला नेसरीला घेऊन गेले. एका शेतकऱ्याच्या गोठ्याशेजारी रंग उडालेली, मातकट, कुरूप जीप उभी होती. मिस्त्री तिच्याखाली गेले, आत झोपले, बाहेर आले आणि चक्क दोन कप चहा प्याले! वर चिवडा खाल्ला. भावही काही कमी नव्हता. मी "विचार करतो" म्हणालो.

पुढच्या आठवड्यात तोच दलाल मला स्टँडवर भेटला. खांद्यावर हात टाकून म्हणाला, "डॉक्टर, नेसरीची गाडी कुणाची हाय ठावं हाय काय? चाचांच्या सख्ख्या मेव्हण्याची!"

माझं डोकंच फिरलं. म्हणजे पाच गाड्या नाकारल्या त्या मला मेव्हण्याच्या गोठ्यापर्यंत न्यायला! मिस्त्रींना जाऊन विचारावं एवढीही सभ्यता मला सुचली नाही. मी बाजारातून एक चुंबक विकत घेतलं आणि थेट शाहूपुरी गाठली. निळ्या गाडीवर इंच न् इंच फिरवलं. सगळीकडे टकाटक चिकटलं. दलाल शेजारी उभा राहून कौतुकाने हसत होता. मला वाटलं, किती सरळ माणूस! मी त्याचा चहाही प्यालो आणि गाडी घेतली.

ऐन आषाढात एक पहिलटकरीण अडली. तिला मागे झोपवलं, सासूला शेजारी बसवलं आणि निघालो. नेसरीच्या अलीकडच्या चढावर खालून कडाड आवाज झाला आणि गाडी मधोमध बसली. चेसी, म्हणजे सगळा भार पेलणारी खालची लोखंडी चौकट, मोडली होती. पाऊस असा, की हाक ऐकू येईना. त्या बाईच्या कण्हण्यातून मला बैलगाडीतली ती दुसरी ऐकू येत होती. अर्ध्या तासाने एसटी आली. कंडक्टरने मागचं लांब बाक रिकामं केलं, माणसं विनातक्रार उभी राहिली. गडहिंग्लजच्या सरकारी दवाखान्यात पोरगा झाला, आई वाचली. मी व्हरांड्यात बसून लहान पोरासारखा रडलो.

दुसऱ्या दिवशी मोडलेल्या गाडीपाशी मिस्त्री आले. मी निरोपही धाडला नव्हता. मेव्हण्याची मातकट जीप घेऊनच आले होते, माझी ओढून न्यायला. चिखलात उताणे पडून निळ्या गाडीखाली गेले, बाहेर आले आणि एवढंच म्हणाले, "जुनं जोडकाम. वरनं डांबर फासलंय."

मी म्हणालो, "मिस्त्री, मला वाटलं तुम्ही मेव्हण्यासाठी..."

"वाटनारच की. म्या बी तुमच्या जागी तसंच म्हटलं असतं."

"मग आधी सांगायचं नाही का, मेव्हण्याची आहे म्हणून?"

"सांगितलं असतं तर तुमी बघाय तरी आला असता काय?"

मी हट्टाने म्हणालो, "पण चुंबक तर सगळीकडे चिकटलं होतं!"

ते इतके हसले की खोकला लागला. "आवो डॉक्टर, जोडल्याल्या लोखंडाला बी चुंबक चिकटतंयच की! चुंबकानं काय कळतंय? मी चुंबक फिरवतो आनि मालकाच्या तोंडाकडं बघतो. त्यो दलाल पत्र्यावर हात गेला तवा हसत हुता. मी खाली वाकलो, तसा खिशात बिडी हुडकाय लागला. बिडी त्याच्या कानावरच हुती."

मिस्त्री दलालाला काय बोलले देव जाणे, पण आठ दिवसांत त्याने निळी गाडी मुकाट्याने परत घेतली. मातकट जीप माझ्या दारात आली. चंदगडच्या पावसात ती अकरा वर्षं धावली आणि वाटेत एकदाही कुणाला टाकलं नाही. तिला मी रंग कधी दिला नाही. मिस्त्री आलेच, तर विचारतील काय झाकलंय, ही भीती!

म्हातारपणी गॅरेज बंद करून ते नेसरीला मेव्हण्याकडे राहायला गेले. एका सकाळी तिथून बोलावणं आलं. मी त्यांच्या पोटाला हात लावला आणि हाताखाली गाठ लागली. पुढचं सांगायला कोल्हापूरच्या मोठ्या डॉक्टरांची गरज नव्हती, तरी तिकडेच न्यायचं ठरवलं. त्यांनी कुणाचा हात धरला नाही. स्वतःच मातकट जीपमध्ये मागे चढले आणि लांबलचक आडवे झाले. "आता खरा पेशंट. चालवा."

गडहिंग्लजला चहासाठी थांबलो. मी मागे जाऊन त्यांच्या शेजारी बसलो आणि म्हणालो, "काही विशेष नाही, मिस्त्री. पंधरा दिवसांत घरी परत." ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मी उगाच बॅगेत स्टेथोस्कोप शोधायला लागलो. तो माझ्या गळ्यातच होता.

हॉटेलवाल्याने चहा आणून दिला. मिस्त्रींनी कप हातात घेतला, वास घेतला आणि माझ्या हातात परत दिला.

"माझं ऱ्हाऊ द्या, डॉक्टर," ते म्हणाले. "आज रोजा हाय."