दोन भावांमधला फोन

दुकानात फोन आला तेव्हा सगळ्यांनी पेढे खाल्ले. मलाच तेवढा घशाखाली उतरेना, कारण फोन जे करणार होता ते आजवर मी करत होतो.

थोरल्या भावाचं लुगड्यांचं दुकान हुबळीला, धाकट्याचं धारवाडला. मूळचे मिरजेकडचे, पण इकडंच मुरलेले. घरात मराठी, गिऱ्हाइकाशी कानडी. थोरल्यांना सगळे अण्णा म्हणत, धाकट्यांना अप्पा. सकाळच्या बसनं मी अण्णांचा निरोप धारवाडला पोचवायचा, दुपारी अप्पांचा उलटा आणायचा, हेच माझं काम. सातवीतच शाळा सुटलेल्या, कोकणातून इतक्या लांब आलेल्या माणसाला याहून बरं काम कोण देणार? वर दुकानामागं खोली आणि अण्णांच्या घरी जेवण. वैनी "अजून एक भाकरी घे" म्हणाल्या की मला वाटायचं, चुकून दुसऱ्याच कुणाला म्हणतायत.

निरोप मी जसाच्या तसा कधी पोचवला नाही. त्या घरची रीतच तशी होती. धाकट्यानं थोरल्यासमोर आवाज चढवायचा नाही, आणि धाकटा संसारी झाल्यावर थोरल्यानंही त्याला तोंडावर टाकून बोलायचं नाही. जे काय बोलायचं ते माझ्यापाशी. अण्णा म्हणायचे, "त्याला सांग, इरकली लुगडी काय ऊन खायला ठेवलीयत? अक्कल आहे का विचार." बस वाटेतलं नवलूर ओलांडेपर्यंत त्यातली अक्कल गळून पडायची. धारवाडला मी सांगायचो, "इरकलींना हुबळीत मागणी आहे, सवडीनं पाठवा म्हणालेत." अप्पा म्हणायचे, "हुबळीला बसून त्यांना धारवाडचं गिऱ्हाईक दिसतं. मोठी माणसं, मोठे डोळे." हुबळीत उतरेपर्यंत त्याचं "तुम्ही म्हणाल तसं" झालेलं असायचं.

"आता माणसाचं तोंड बारा मैल लांब झालं," फोनवरून हात फिरवत अण्णा म्हणाले.

"आणि ह्याचे पाय आखूड झाले," दुकानाचे हिशेब बघणारे दिवाणजी माझ्याकडं बघून म्हणाले. "काय पा, गावाकडं काय पिकतं तुमच्या?"

आमच्याकडं काय पिकतं ते मला ठाऊक होतं, म्हणूनच मी इथं होतो.

आधी दोघं भाऊ ख्यालीखुशाली बोलले. आवाज आपल्यालाच धारवाडपर्यंत फेकायचा आहे अशा बेतानं अण्णा ओरडायचे. रस्त्यावरची माणसं आत डोकावून बघायची. मग विषय इरकलींवर आला आणि अकलेचा प्रश्न अण्णांनी प्रथमच स्वतः विचारला. पलीकडून काय उत्तर आलं ते आम्हाला ऐकू आलं नाही, पण अण्णांचे कान लाल झाले. रिसीव्हर ठेवून ते म्हणाले, "हा असा बोलतो? माझ्याशी?"

त्यानंतर कुणीच फोन उचलेना. लग्नसराई तोंडावर, इरकली धारवाडला. मलाही कुणी बसनं पाठवेना, कारण एवढा फोन घेऊन पुन्हा माणूस धाडायचा म्हणजे हार खाल्ल्यासारखं. मी घडी घातलेल्या लुगड्यांच्या पुन्हा घड्या घालत बसलो. त्या दिवशी वैनींनी मला न विचारता दोन भाकऱ्या जास्त वाढल्या. मी मनात म्हटलं, ही वाटेची शिदोरी.

पण हात धुताना वैनी अण्णांना म्हणाल्या, "तुम्ही नका बोलू. ह्याला बोलू द्या."

दुपारी अण्णांनी मला फोनपुढं उभं केलं आणि स्वतः शेजारी गादीवर बसले. धारवाड लागलं. अण्णा म्हणाले, "विचार त्याला, माझी इरकली मला देणार, की तीही वाटणीत गेली."

इथं नवलूर नव्हतं, खिडकी नव्हती, वारा नव्हता. अण्णा हातभरावर, आणि माझा निरोप त्यांच्या कानांदेखत जायचा होता. खोली, जेवण, सगळं त्या एका वाक्यावर होतं. "अप्पा," मी म्हणालो, "अण्णा विचारतायत, लग्नाची गिऱ्हाइकं दारात आहेत, तेवढी इरकली जमतील का?"

अण्णांनी मान वर केली. मी फोनवर तळवा ठेवला.

"इतकी वर्षं असंच सांगत होतास?"

"होय अण्णा."

"आणि त्याचं ते 'तुम्ही म्हणाल तसं'?"

मी तळवा फोनवर अजून घट्ट दाबला.

"खरं काय म्हणायचा तो?"

"बसमध्ये गर्दी फार असायची. ध्यानात नाही राहिलं."

अण्णा गादीवरचा धागा उपटत बसले. दिवाणजींनी लिहायचं थांबवलं होतं. फोनमधून अप्पांचा आवाज माझ्या तळव्याला गुदगुल्या करत होता.

"ह्याला इथं एक स्टूल द्या," अण्णा शेवटी दिवाणजींना म्हणाले. "रोज किती वेळ उभा राहील? आणि तू, तळवा काढ. काय म्हणतोय तो?"

मी ऐकलं. अप्पा जे म्हणत होते ते अण्णांना सांगण्यासारखं नव्हतं.

"उद्याच्या बसनं पाठवतो म्हणतायत," मी म्हणालो, आणि अप्पांना म्हणालो, "अण्णांना बरं वाटलं."