एकच डोळा मिटायचा

सकाळी चूळ भरताना पाणी तोंडात राहीना. डाव्या कोपऱ्यातून ते हनुवटीवर आणि बनियनवर ओघळत होतं. पुन्हा चूळ भरली, पुन्हा तेच. मागून बायको म्हणाली, "तुमारा मूं टेढा दिस्ता जी." घरात आम्ही दख्खनीत, इकडच्या मुसलमानांच्या बोलीत बोलतो. ती हे अगदी हळू म्हणाली, पण हातातला टॉवेल तिने दोन्ही मुठींत आवळून धरला होता, आणि मी घाबरलो ते त्या मुठी बघून. आरशात बघायचं धाडस नंतर झालं.

माझे वडील अर्धांगवायूने दोन वर्षं अंथरुणावर होते. त्यामुळे रिक्षात बसल्यापासून मी उजव्या हाताने डाव्या हाताला चिमटे काढत होतो, कळतंय की नाही ते बघायला. डॉक्टरांनी भुवया उडवायला लावल्या, गाल फुगवायला लावले, मग डोळे घट्ट मिटायला सांगितले. मी दोन्ही मिटले असं मला वाटलं, तरी डाव्या डोळ्याला डॉक्टर दिसतच होते.

"मेंदूचं काही नाही," ते म्हणाले. "चेहऱ्याची नस सुजलीय. महिना-दीड महिन्यात येईल जाग्यावर. काही जणांना थोडं राहतं."

त्या 'थोडं'पाशी मी अडकलो. म्हणजे किती, असं विचारायला गेलो तर 'म' उमटेना. ओठाला ओठ लागत नव्हता.

एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत माझा फोटो स्टुडिओ आहे. वडिलांनी काढलेला. पाटीवर अजून त्यांचंच नाव आहे. मोबाइल आल्यापासून काम उरलंय ते पासपोर्ट फोटोंचं आणि मुलामुलींच्या लग्नाच्या बायोडेटाला लावायच्या फोटोंचं. लग्नसराई जवळ आली होती, म्हणून आजाराच्या तिसऱ्याच दिवशी दुकान उघडलं. वाकडं तोंड कुणाला दिसू नये म्हणून मास्क लावला. डोळ्यांचा विचार माझ्या मनातही आला नाही.

दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी माढ्याकडची मंडळी आली. विशीतली एक मुलगी, तिचे मामा आणि मामी. मुलीचा स्थळासाठी फोटो काढायचा होता. मामा फोनवर बोलत बाहेर पायरीवर थांबले. मामी आत खुर्चीत बसल्या. मुलीला मी पडद्यासमोर स्टुलावर बसवलं, कॅमेरा स्टँडवर लावला आणि त्याच्यामागे उभा राहिलो.

तीस वर्षांत मी एक गोष्ट शिकलोय. माणूस कॅमेऱ्याला घाबरत नाही, कॅमेऱ्यामागच्या माणसाला घाबरतो. म्हणून मी आधी स्वतः हसतो. समोरचा हसला की बटण दाबतो. त्या दिवशीही हसलो. मास्कच्या आत तोंड उजवीकडे ओढलं गेलं, उजवा डोळा बारीक झाला. डावा उघडाच राहिला.

मुलीने नजर खाली घातली. मला वाटलं, लाजतेय. बटण दाबलं आणि अजून हसलो. तिने ओढणी गळ्यापर्यंत ओढून घेतली, खांदे आत घेतले. मी हाताने खूण केली, हनुवटी जरा वर. तिने मामीकडे पाहिलं, मग दाराकडे. ही लाज नव्हे हे मला तेव्हा कळायला हवं होतं. पण ही पोरगी मला भ्यायलीय, हे माझ्या डोक्यातच शिरलं नाही. तिला मोकळं करायला मी आणखी एकदा हसलो, दर वेळी बटण दाबत गेलो.

ती उठली आणि मामीच्या मागे जाऊन उभी राहिली. मामीच्या कानात काहीतरी बोलली. मामींचा चेहरा बदलला.

"अवो, आत या," त्यांनी मामांना हाक मारली. "ह्यो मानूस पोरीला डोळा मारतोय."

मामा आत आले. "काय रं? डोळा मारतो व्हय?"

मी सांगायला गेलो की मी आजारी आहे, माझी नस सुजलीय. मास्कच्या आत शब्दांचा नुसता लगदा झाला.

"प्यालाय वाटतं," दारातून कुणीतरी म्हणालं. तोवर दारात पाच-सहा माणसं जमली होती. मामांनी माझी कॉलर धरून मला पायरीवर ओढलं. मला उन्हाची तिरीप लागली, आणि उजवा डोळा आपोआप मिटला.

"बगा, अजून मारतोय," कुणीतरी म्हणालं.

त्या घोळक्यात चेक्सच्या शर्टातला एक माणूस होता. तो माझ्याकडे बघत नव्हता. त्याने मान वर करून दुकानाची पाटी वाचली, सावकाश. मग माझ्याकडे पाहिलं आणि खिशातून मोबाइल काढला. तोपर्यंत मी नुसता गोंधळलो होतो. आता मात्र मी खरोखर घाबरलो. तो काय करणार होता, मला माहीत नाही. कदाचित त्याला कुणाला तरी फोनच करायचा असेल. पण पाटीकडून माझ्याकडे येईपर्यंत त्याची नजर बदलली होती.

मी मास्क खाली ओढला. एवढ्या माणसांपुढे ते तोंड उघडं करताना मला रडू येत होतं, आणि रडू आल्यावर तोंड आणखी वाकडं झालं. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ आली. मामांची पकड तरीही सुटली नाही.

सुटली ती मुलीमुळे. ती दारात आली होती आणि माझ्याकडे पहिल्यांदाच नीट बघत होती.

"मामा, थांबा की. त्यांचा एकच डोळा मिटतोय. दुसरा मिटतच न्हाय."

मामी पुढे झाल्या. माझ्या तोंडाजवळ वाकून बघितलं. "तोंडावरनं वारं गेलंय की ह्यांच्या. सोडा त्यांना."

मामांनी हात काढला. माफी वगैरे मागितली नाही, पण चुरगळलेली कॉलर दोन बोटांनी सरळ केली आणि माझ्या नजरेला नजर न देता खाली उतरले. लोक पांगले. चेक्सच्या शर्टातला माणूस सगळ्यात शेवटी गेला. मोबाइल खिशात टाकून, एकदा मागे वळून.

मुलगी म्हणाली, "फोटो राहिला, काका." मी लेन्सला झाकण घातलं. नकारार्थी मान हलवली. तिला ते कळलं. ती मंडळी पुन्हा आली नाहीत.

शटर ओढून मी आत बसलो आणि कॅमेऱ्यातलं कार्ड बघितलं. तिचे चार फोटो होते. प्रत्येकात ती आधीच्यापेक्षा जास्त आक्रसलेली. मग आदल्या दोन दिवसांतले फोटो उघडले. अर्ज भरायला आलेला कॉलेजचा पोरगा, पेन्शनवाले आजोबा, आईच्या मांडीवरचं बाळ. कुणीही हसलेलं नव्हतं, आणि ते न बघताच मी बटण दाबलं होतं. बाळ तर सरळ माझ्याकडे बघून ओठ काढत होतं. दोन दिवस बरे गेले असं मी समजत होतो, आणि ही सगळी माणसं माझ्यासमोर अशी बसली होती.

सहा आठवडे दुकान बंद ठेवलं. औषधं, डोळ्यात थेंब, आरशासमोर गाल फुगवायचा व्यायाम. घराबाहेर पडलो नाही. भाजीवाल्याने हसून 'काय शेठ' म्हटलं तर उलटं हसायचं कसं, या धास्तीने. बायको शेजारच्यांना 'ताप आहे' म्हणून सांगायची. पाचव्या आठवड्यात पापणी टेकली.

थोडं राहिलंच. दमलो की डावा डोळा मागे पडतो. आता बायको दुपारी दुकानात येऊन बसते. गिऱ्हाईक स्टुलावर बसलं की मी आधीच सांगून टाकतो, "माझा हा डोळा आजाराचा आहे, गैरसमज करून घेऊ नका." बहुतेक जण हसतात आणि तेवढ्यात फोटो निघतो. एखादी मुलगी मात्र ऐकून घेते आणि तरीही दाराकडे बघते. तिच्यासाठी मी कॅमेरा बायकोच्या हाती देतो आणि पायरीवर जाऊन उभा राहतो.