धानाच्या फुलाशेजारचा अंगठा

प्रिय इरा आणि नील,

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, बैठकीतल्या मोठ्या फोटोत धानाच्या फुलाशेजारी कोणाचा अंगठा आहे? आजोबा पटकन म्हणाले, "मोठ्या आजीचा." तेवढंच खरं धरून बसू नका, म्हणून हे लिहिते आहे...

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. जन्मभर इंग्रजी शिकवलं; मुलांनी लिहिलेल्या भुताच्या गोष्टींतही मी फक्त स्पेलिंग तपासलं.

दिघोरीचं आपलं शेत तुम्हाला आठवतं. तिथे आजोबा कॅमेऱ्याच्या लांब लेन्सपुढे दुसरी लहान लेन्स उलटी लावून काळ्या टेपने चिकटवायचे. मग जेमतेम दिसणारं धानाचं फूल स्क्रीनभर व्हायचं. पण लोंबी केसभर हलली की सगळं धूसर! ती धरायला स्थिर हात हवा, आणि तो होता माझ्या थोरल्या जाऊबाईंचा, म्हणजे तुमच्या मोठ्या आजीचा. माझा थरथरायचा.

त्या म्हणायच्या, "काहून वं मास्तरीण, खडू धरू धरू हात थरथरून राहिला का? सरक, मीच धरतो."

आजोबा हसायचे. "वहिनी, तुमच्यापुढे स्टँड फिका!"

मी मागे छत्री धरून उभी. प्रत्येक फोटोच्या कडेला त्यांचाच अंगठा — लहानपणी विळा लागून नख मधोमध चिरलेलं, ते कायमचं तसंच राहिलेलं. माझं बोट एकाही फोटोत नाही.

त्या गेल्या. पुढच्या हंगामात धान फुलोऱ्यावर आलं तेव्हा मी म्हटलं, "आज मी धरते." सकाळचं लख्ख ऊन, बांधावर आम्ही दोघंच. हात थरथरत होता... आणि एकाएकी थांबला. आजोबांनी बटण दाबलं. "जमलं की तुला!" इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

घरी फोटो कॉम्प्युटरवर लावला. फूल अगदी स्वच्छ. शेजारी अंगठा. नख मधोमध चिरलेलं.

मी माझा अंगठा स्क्रीनजवळ नेला. नख अखंड.

आजोबा स्क्रीनकडे झुकले. "वहिनी आल्या होत्या," म्हणाले... किती आनंदाने! माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

जुना फोटो मिसळला असेल म्हणून मी कार्ड तपासलं. कार्ड नवं होतं, त्यात फक्त त्या सकाळचे फोटो. कारण आजही सापडलेलं नाही. मला भीती वाटली नाही, राग आला. लोंबी मी धरली, तिथेही त्याच?

फोटो भिंतीवर आहे. दोन्ही लेन्स टेपने चिकटलेल्या, कपाटात आहेत. आणि त्या दिवशी लोंबी धरलेला माझा हात, थरथरणारा, तोही अजून आहे.

— आजी