फटफटीवरची गुप्तहेर

"थांबा! कुणीबी आत जाऊ नका. आधी मला चपला बघू द्या."

उस्मानपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत काहीही हरवलं की काकू दारात हात आडवा धरून असं म्हणायच्या. सगळ्यांची खबर ठेवणारी एखादी काकू तुमच्याही गल्लीत असेलच. पण आमच्या काकूंचा अधिकार मोठा. तरुणपणी त्या सिनेमात गुप्तहेर होत्या.

एकदा शेजारच्या वहिनींचा कुकर गायब झाला. काकूंनी दारातल्या चपला निरखल्या. एका जोडीला ताजा चुना लागला होता, आणि चुना त्या आठवड्यात फक्त गच्चीला दिला होता. काकू वहिनींच्या नवऱ्याला एवढंच म्हणाल्या, "डाळ करपली व्हय, भाऊ?" भाऊ मुकाट्यानं गच्चीवर गेले आणि काळाठिक्कर कुकर घेऊन खाली आले.

सिनेमाच्या गोष्टी त्या फार रंगवून सांगत. दिग्दर्शकानं त्यांना घेतलं ते रूप बघून नव्हे, फटफटी चालवता येते म्हणून. पोलीस तीन आणि गणवेश दोन, त्यामुळे तिसरा पोलीस सिनेमाभर भिंतीआडून नुसतं टोपीवालं डोकं काढायचा. खलनायकाचा अड्डा म्हणजे वेरूळच्या रस्त्यावरची कांदे साठवायची चाळ. धमकी देताना त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"मारायच्या आधीच रडतोय," काकू म्हणायच्या, "आता ह्याला काय मारू?"

पण सिनेमा बघायचा विषय निघाला की त्या उठून जात. पाचोडला बाजाराच्या दिवशी तो तंबूत लागला होता, तेव्हाही म्हणे अर्ध्यातून निघून आल्या. का, ते कधी सांगितलं नाही.

मागच्या वर्षी माझ्या मुलीला तो इंटरनेटवर सापडला. सगळी गल्ली आमच्या टीव्हीपुढं जमली. काकूंना आम्ही जवळजवळ ओढूनच आणलं. पडद्यावर विशीतल्या काकू झोकात फटफटीवरून उतरल्या, त्यांनी खलनायकाची कॉलर धरली, आणि त्यांच्या तोंडून भलत्याच बाईचा नाजूक, शुद्ध आवाज आला.

आम्ही वळून काकूंकडे बघायला लागलो.

"ती मी नाय," त्या म्हणाल्या. "माझं बोलणं गावंढळ वाटतं म्हणले. मला न सांगताच दुसऱ्या बाईकडून बोलून घेतलं. तंबूत बसले तव्हा कळलं. समदं काम मी केलं, अन् मुकी बी मीच."

मला फार वाईट वाटलं. टीव्ही बंद करायला उठले, तर काकूंनी हात धरला.

"चालू ऱ्हाऊ दे. आवाज तेवढा बंद कर."

आणि काकू बोलायला लागल्या. इतक्या वर्षांनी सगळे संवाद पाठ! "चल रं, हात वर कर! लई झाली तुझी नाटकं. पळतोस व्हय? फटफटी माझ्याकडं हाय!" आम्ही शिट्ट्या मारल्या, टाळ्या वाजवल्या, हसून हसून लोळलो. सिनेमा संपला तेव्हा काकूंचा घसा बसला होता. इतक्या खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

या उन्हाळ्यात काकू गेल्या.

अजूनही कधीतरी आम्ही तो सिनेमा लावतो, आवाज बंद करून. ज्याला जे आठवेल ते तो काकूंसारखं म्हणतो, आणि हसणंही तेवढंच होतं. मध्ये एका ठिकाणी मात्र काकू फटफटीला टेकून बराच वेळ एकट्याच बोलतात. तिथलं आमच्यापैकी कुणालाच आठवत नाही. तेवढा वेळ आम्ही गप्प बसतो आणि काकूंचे ओठ हलताना बघतो.