प्रसादाचा वाटेकरी

आमच्या शेजारच्या काकांचा कुत्र्यावर भारी जीव, असं सगळी पंचवटी म्हणते. सगळ्यांचं काय जातंय म्हणायला!

काका प्रत्येक वाक्य दोनदा बोलतात. एकदा बोललं तर देवाला ऐकू जाणार नाही, अशी भीती असावी. रोज सकाळी देवळांची फेरी करून ते परत येतात, तेव्हा त्यांचा राजा फाटकाशी वाट बघत असतो. काका खिशातून पुडी काढतात. "घे रे वाघा, घे रे वाघा," म्हणत पेढा त्याच्या तोंडात घालतात.

या वाघाला डायबेटीस आहे. मोजून जेवण, वेळेवर इंजेक्शन आणि गोडाचा कणही नाही, असं डॉक्टरांनी माझ्यासमोर बजावलं होतं. काकांनी नंदीबैलासारखी मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी पुडी पुन्हा निघाली. आता राजाचे डोळे दुधासारखे पांढरे झालेत. पेढा तो वासानं शोधतो.

मी टोकलं की काकांचं उत्तर ठरलेलं. "प्रसादानं काही होत नाही गं, काही होत नाही. आणि देवाचा प्रसाद टाकून देऊ? टाकून देऊ?"

काल माझं डोकंच फिरलं. पेढा धरलेला त्यांचा हात मी मध्येच अडवला.

"टाकू नका ना काका. तुम्हीच खा."

विंचू दिसावा तसे ते मागे सरले.

"अगं, मला शुगर आहे!"

हे मात्र ते एकदाच बोलले. मग खाली वाकून त्यांनी पेढा राजाला भरवला.